सिंधूच्या जागी

“सिंधूचं नाव काढा आन् तिथं हिचं घाला,” किशनराव म्हणाले. “तेवढंच काम हाय, ताई. तुमच्या कंप्युटरला दोन मिन्टाचं.”

‘ही’ म्हणजे केवळाबाई. शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत त्या अगदी कडेला टेकल्या होत्या. मांडीवर तुरीच्या डाळीची पिशवी, ती विमलताईंसाठी आणलेली. नवऱ्यानं आपल्याकडे बोट केलेलं बघून त्यांनी मान हलवली.

“मीच दिली म्हना किडनी,” त्या म्हणाल्या. “मायनं दिली काय आन् लेकीनं दिली काय, घरातलीच हाय न्हाई का.”

विमलताईंनी हेडफोन काढून गळ्यात घेतला. समोर पडद्यावर सिंधु बोलता बोलता थांबलेली होती, डोळे अर्धवट मिटलेले. मधेच थांबवलेली माणसं सगळीच जरा बावळट दिसतात, म्हणून त्यांनी आधी ते चित्र झाकलं आणि मग विचारलं, “झालं काय पण?”

झालं होतं असं, की किनवटहून पाहुणे येऊन गेले होते. मुलगा आश्रमशाळेवर शिक्षक, एकुलता एक. सिंधूला पसंती आली, पत्रिका जुळली, पुढची बैठक ठरली. पाहुण्यांना एकच गोष्ट माहीत नव्हती, की बापाला किडनी सिंधूनं दिलीय, आणि ती गोष्ट येत्या गुरुवारी, जागतिक मूत्रपिंड दिनाला, नांदेडच्या या रुग्णालयाच्या सभागृहात सहा मिनिटं पडद्यावर दिसणार होती.

“एका किडनीची पोरगी म्हनल्यावर कोन करंल, ताई?” किशनराव मास्कच्या आतून हळूच बोलत होते. “लेकरं व्हतेल का, शेतात राबंल का, हेच इचारतेत लोक. डाक्टर सांगतेत काई व्हत न्हाई. पन डाक्टरच्या घरात थोडीच द्यायचीय पोरगी.”

विमलताईंनी चहा सांगितला, डाळीची पिशवी ठेवून घेतली, आणि बघते म्हणाल्या. ‘बघते’ हा शब्द त्यांनी वीस वर्षं लग्नघरांतून वापरला होता. त्यात हो पण नसतं आणि नाही पण नसतं.

त्यांची खोली जिन्याखाली होती. एका बाजूला धुतलेल्या चादरींची खोली, दुसऱ्या बाजूला लिफ्ट. लिफ्ट चालू झाली की रेकॉर्डिंग थांबवायचं, हा इथला नियम. काम म्हणजे रुग्णांच्या गोष्टी करायच्या. बरं होऊन घरी गेलेला माणूस, त्याचं घर, त्याचा डॉक्टर, मागे बारीक संगीत. या फिल्मा बाहेरच्या हॉलमधल्या टीव्हीवर लागत आणि लोकांच्या फोनवरही जात. बावन्नाव्या वर्षी बाई हे काम करते याचं नव्या माणसाला नवल वाटे. जुन्यांना विमलताईंशिवाय दुसरं कोणी करेल असं वाटत नसे.

त्या मूळच्या निलंग्याच्या. श्रीपादरावांचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा, तिथं बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या कॅसेटींचे दिवस आले तेव्हा श्रीपादरावांनी मोठा खांद्यावरचा कॅमेरा आणला आणि पहिल्याच लग्नात अडले. नवरीच्या खोलीत परका पुरुष कॅमेरा घेऊन शिरलेला बायकांना चालेना. हळद आत, चुडा भरणं आत, रडारड आत, आणि कॅसेट बघताना सगळ्यात आधी मागणी त्याचीच. शेवटी त्यांनी कॅमेरा बायकोच्या हातात दिला. “बटन दाब आणि हलू नको,” एवढंच शिक्षण. मग निलंगा, औराद, उदगीर या पट्ट्यातल्या किती नवऱ्या विमलताईंनी टिपल्या त्याची गणती नाही. कॅसेटच्या डब्यावर मात्र शेवटपर्यंत ‘छायाचित्रण: श्रीपाद’ एवढंच छापलेलं असे. त्याचं आपल्याला कधी वाईट वाटलं नाही, असं त्या म्हणत. वाटलं असेलही, वाटून घ्यायला सवड नव्हती हे जास्त खरं.

त्या खोल्यांतून त्या एक गोष्ट शिकल्या. बाईला समोर बसवून ‘बोल’ म्हटलं, की ती गप्प होते. हातात काम दिलं, की बोलते. मोबाईल आले, स्टुडिओ बुडाला, लेकीच्या आधारानं दोघं नांदेडला आले, श्रीपादरावांचे गुडघे गेले आणि ते घरी बसून बायकोच्या फिल्मा बघत ‘लाइट कमी आहे’ म्हणू लागले. हातात काम देण्याची ती युक्ती तेवढी विमलताईंना इथंही कामाला आली.

सिंधूचं शूटिंगही असंच झालं होतं. सप्टेंबर संपताना, ऑपरेशनला तीन महिने झाल्यावर, त्या हदगावला गेल्या. सिंधूचा भाऊ सुदर्शन मोटारसायकल घेऊन स्टँडवर आला होता. गावात पोचतात तो दोन शेतकरी धुतलेल्या टोप्या घालून वाटेतच उभे.

“म्याडम, आमचा बी प्लॉट घ्या. शेंगा मोजून बघा झाडाला.”

विमलताईंना काही कळेना. किशनरावांनी त्यांना बाजूला घेतलं आणि कबुली दिली, की कॅमेरेवाली बाई शेतकी खात्याची आहे, सोयाबीनची फिल्म काढायला येतेय, असं त्यांनी गावाला सांगितलं होतं. “घ्या थोडं थोडं. उगं बोभाटा नको.” मग विमलताईंनी दोन्ही शेतकऱ्यांचं सोयाबीन इमानदारीत टिपलं, शेंगासुद्धा मोजल्या. त्यातल्या एकाचा तर पुढेही फोन येत राहिला: “पानं पिवळी पडून राहिली, म्याडम, काय फवारू?”

त्या दिवशी त्यांना समजलं, की किशनरावांना किडनी ‘दवाखान्यानं दिली’ असं गाव समजत होतं, मोटारीला पार्ट मिळावा तशी. आणि सिंधूचं झालं ते अपेंडिक्स. तिथंच कॅमेरा बंद करून विचारायला हवं होतं, की मग ही फिल्म लोकांनी बघितलेली चालणार आहे का तुम्हाला. पण प्रकाश चांगला होता आणि सिंधु निवडायची ज्वारी सुपात घेऊन छान बोलत होती. संमतीच्या कागदावर तिनं ठसठशीत सही केली. सही घेतली म्हणजे विचारलं असं होत नाही, हे विमलताईंना पक्कं ठाऊक होतं आणि तरी त्यांनी घाई केली. चूक आपली आहे, हे त्यांनी किशनराव येऊन गेल्यावर त्या सोमवारी जिन्याखाली बसून स्वतःशी कबूल केलं.

मग त्या अंबरीशकडे गेल्या. अंबरीश रुग्णालयाच्या प्रसिद्धीचं काम बघे. अठ्ठावीस वर्षांचा, पुण्यात शिकून आलेला, मनानं निर्मळ, फक्त सारखा घाईत.

“आईचं नाव? ताई, त्यांना शुगर आहे,” तो म्हणाला. “शुगरच्या पेशंटची किडनी काढली असं आपणच पडद्यावर सांगायचं? सगळे डॉक्टर समोर बसलेले असणार.”

“ते खोटं मी घालणारच नाही. सिंधूला काढायचं का, एवढं विचारायला आले.”

“संमती आहे ना आपल्याकडे? निमंत्रणपत्रिका छापून गेल्यात. ‘लेकीचं दान’ असं नाव दिलंय.” मग तो समजुतीनं म्हणाला, “ताई, ही फिल्म बघून दहा घरांतल्या लेकी पुढे येतील. ते मोठं नाही का?”

“लेकी येतीलच हो,” विमलताई म्हणाल्या. “त्यांना फिल्म लागत नाही.”

अंबरीशचा फोन वाजला, तो त्यानं कापला. विमलताई म्हणाल्या, “या सगळ्यात त्या पोरीला कोणीच विचारलेलं नाही. मी उद्या जाऊन येते.”

मंगळवारी सकाळच्या एसटीनं त्या हदगावला उतरल्या. घरी गेल्याच नाहीत. स्टँडसमोर एका गाळ्यात सिंधु ऑनलाइन फॉर्म भरायच्या केंद्रावर कामाला होती. विद्यार्थ्यांचे, म्हाताऱ्यांचे, पीकविम्याचे, कसले कसले फॉर्म दिवसभर भरायची. तेवीस वर्षांची, बारीक, मोठ्या कपाळाची. सर्व्हर सकाळपासून बंद होता, त्यामुळे लोक कंटाळून चहाला गेले होते. सरकारी सर्व्हर बंद पडला तर कोणाचं तरी भलं होतं, हे विमलताईंनी पहिल्यांदा बघितलं.

टेबलावर पासपोर्ट फोटोंचे कागद पडले होते, कापायचे राहिलेले. विमलताईंनी विचारलंच नाही. कात्री उचलली आणि सफाईनं फोटो कापायला लागल्या. सिंधु डिंक घेऊन ते फॉर्मांना चिकटवू लागली.

“बापू आल्ते नं तुमच्याकडं?” चार-पाच फॉर्म झाल्यावर ती म्हणाली.

“आले होते.”

“मायचं नाव घाला म्हनले असतील.”

“तुला माहीत आहे?”

“घरात बोलत व्हते. मी सैपाकघरात व्हते.” तिनं एक फोटो वाकडा बसला तो काढून परत लावला. “ताई, त्या फिल्ममधी मी म्हनले का, मला भ्याव वाटलं न्हाई. लई वाटलं व्हतं. रात-रात झोप न्हाई. आपरेशनाआधी दवाखान्यातल्या समितीच्या म्याडमनं इचारलं, कुनी जबरदस्ती केली का. न्हाई म्हनले. खरंच कुनी केली न्हाई.”

विमलताई कापत राहिल्या.

“फक्त दादाला कुनी इचारलंच न्हाई. रक्तगट त्याचाबी जुळत व्हता. मायला शुगर, म्हनून मायचं न्हाई जमलं. मंग सगळे माझ्याकडंच बघाय लागले. दादाकडं कुनी बघितलंच न्हाई. तोबी बसला व्हता तिथंच.” ती हे तक्रारीनं म्हणत नव्हती. एखाद्या फॉर्ममध्ये राहिलेला रकाना दाखवावा तसं म्हणाली. “मी दिली ते बरं झालं. बापू हिंडून-फिरून राहिले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन, असंबी म्हनले असते, पन दुसरी द्याला येत न्हाई.”

दोघीही हसल्या. मग विमलताईंनी मुद्द्याचं विचारलं. “गुरुवारी काय करू?”

सिंधूनं डिंकाचं झाकण घट्ट लावलं.

“काढायचं तर काढा. बापूच्या जिवाला घोर नको. मी नव्हते म्हना, चालतंय. पन माझ्या जागी दुसरं कुनी व्हतं, असं म्हनू नका. मायबी नको.”

“आणि किनवटच्या मुलाला?”

“बापू म्हनतेत, लग्न झाल्यावर सांगू.” तिनं कमरेशी डाव्या बाजूला नकळत हात नेला. “लग्न झाल्यावर सांगायचं काय काम? दिसंलच की त्याला.”

तेवढ्यात कोणीतरी दारातून ओरडलं की सर्व्हर आला, आणि माणसं आत घुसली.

परतीच्या एसटीत विमलताईंना निलंग्याच्या कॅसेटींचे ते डबे आठवले आणि प्रथमच राग आला. श्रीपादरावांचा नव्हे. आपलाच, की आपण एकदाही ‘माझं नाव घाला’ म्हटलं नाही. ही पोर निदान ‘दुसऱ्याचं घालू नका’ एवढं तरी म्हणाली.

बुधवारी त्यांनी कापाकाप केली. सिंधु बोलते तेवढं सगळं काढलं. सूप गेलं, ज्वारी गेली. उरलं ते किशनराव, त्यांचं शेत, डॉक्टर, आणि एक ओळ: ‘घरातल्या एका माणसानं मूत्रपिंड दिलं.’ अंबरीशनं बघितली, डोकं खाजवलं, आणि म्हणाला, “ताई, मधे खड्डा पडल्यासारखं वाटतंय.” पण त्यानं हट्ट धरला नाही. कार्यक्रमात निवेदकानं फिल्मचं नावही बदलून ‘नवं जीवन’ असं सांगितलं.

गुरुवारी टाळ्या पडल्या. किशनरावांना शाल-श्रीफळ मिळालं. केवळाबाई पहिल्या रांगेत रडल्या. सिंधु आली नव्हती. विद्यार्थ्यांच्या फॉर्मांची शेवटची तारीख होती म्हणे. किशनरावांनी जाताना विमलताईंचे हात धरून आभार मानले, आणि विमलताईंना ते आभार घेववले नाहीत.

त्यानंतर सिंधु भेटली ती थेट जूनमध्ये. किडनी देणाऱ्याचीही वर्षानं तपासणी असते, तिला आली होती. तपासणी झाल्यावर जिन्याखालच्या खोलीत येऊन बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, “मी सांगितलं त्याला.”

दुसऱ्या बैठकीला पाहुणे आले, तेव्हा मुलामुलीला बोलायला गच्चीवर पाठवलं होतं. पंधरा मिनिटं. सिंधूनं पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं. मुलगा चांगला होता, असं तीच म्हणाली. शांतपणे ऐकलं. दुखतं का म्हणून विचारलं. सांगितलंत हे बरं केलंत, म्हणाला. आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, की पत्रिका जुळत नाही.

“जुळली होती ना?”

“जुळली व्हती. मंग न्हाई जुळली.” सिंधु हसली, पण हसू पुरतं झालं नाही. “मला लई आवडला व्हता तो, ताई. गच्चीवर माझ्यासाठी सावलीतली खुर्ची सोडली त्यानं.”

विमलताईंनी तिला जवळ घेतलं. सिंधु रडली, लहान पोरीसारखी, हुंदके देत. विमलताईंच्याही डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. लिफ्ट वर गेली, खाली आली.

मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं. “आता लावा ती फिल्म. नावासकट. गावासकट.”

“बापूंना विचारलंस?”

“इचारलं. पंधरा दिवस माझ्याशी बोल्ले न्हाईत. जेवायला बसले की ताटाकडंच बघायचे. काल म्हनले, जा, मी बी येतो. भाईर बसलेत. आत या म्हनलं तर न्हाई आले.”

विमलताईंनी जुनं चित्रण उघडलं. सगळं शाबूत होतं. काढलेलं त्या कधीच पुसत नसत, ही लग्नघरातली सवय; रुसलेली आत्या पुढं मन बदलते आणि आपण कुठं दिसतो ते शोधत येते. पण ‘मला भ्याव वाटलं न्हाई’ हे एक वाक्य त्यांना जसंच्या तसं जाऊ द्यायचं नव्हतं, आणि सिंधूलाही. शेजारच्या खोलीतून त्यांनी धुतलेल्या उशांच्या अभ्र्यांचा ढीग आणून तिच्यापुढं टाकला.

“घड्या घाल,” त्या म्हणाल्या, आणि लिफ्ट थांबायची वाट बघत कॅमेऱ्यामागे बसल्या.

फिल्म तयार झाली. शेवटी त्यांनी स्वच्छ अक्षरांत लिहिलं, ‘मूत्रपिंड दिलं: सिंधु किशनराव पतंगे’, खाली गावाचं नाव, तालुका हदगाव. त्याखाली, अंबरीशनं सुचवायच्या आधीच, थोड्या लहान अक्षरांत: ‘चित्रण: विमल’. टाइप करताना त्यांना लाज वाटली. तरी ठेवलं. घरी श्रीपादरावांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ते दोनदा वाचलं आणि या खेपेला लाइटबद्दल काही बोलले नाहीत.

जुलैतल्या एका मंगळवारी किशनराव रक्त तपासायला आले. हॉलमध्ये नेहमीची गर्दी होती. विमलताई चहाचा कप घेऊन खोलीबाहेर आल्या तेव्हा टीव्हीवर ती फिल्म चालू होती, आवाज बारीक. किशनराव बरोबर टीव्हीखालच्या बाकावर बसले होते. तिथं बसलेल्याला टीव्ही दिसत नाही, नुसता ऐकू येतो. ते मान खाली घालून पायातल्या चपलेकडं बघत होते.

“...लई भ्याव वाटलं व्हतं,” वर सिंधु सांगत होती. हातात पांढरा अभ्रा. “कुनाला म्हनले न्हाई. तरी दिली.”

समोरच्या बाकावरचा एक माणूस एकटक बघत होता. साठीचा, हातावर डायलिसिसची पट्टी, शेजारी तरणा मुलगा. माणूस हळूच म्हणाला, “कोन्या गावची म्हनावं ही पोरगी?”

तो कोणालाच उद्देशून बोलला नव्हता. किशनराव तसेच बसून राहिले, आणि विमलताईंना वाटलं, बसू दे, आणखी किती ताणायचं माणसाला. मग किशनराव उठले. उठून समोर गेले आणि त्या माणसाच्या शेजारी, जिथून पडदा दिसतो तिथं, बसले.

“माझी हाय,” ते म्हणाले.

माणसानं त्यांच्याकडं बघितलं, वर पडद्याकडं बघितलं. काही विचारणार, तेवढ्यात खिडकीतून त्याचा नंबर पुकारला. मुलगा उठला, माणूसही बाकाला हात टेकून उठायला लागला. किशनरावांनी त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

“बसा की जरासं,” ते म्हणाले. “अजून बोलती ती.”